‘२१०० टक्के लाभांश’ म्हणजे हातात किती? शेअरचा लाभांश-इतिहास आणि यील्ड असे वाचा

डिजिटल डेस्क, लोहा (जि. नांदेड) : पतसंस्थेच्या वार्षिक सभेत ‘१२ टक्के लाभांश’ जाहीर झाला, की सभासदाला कागद-पेन लागत नाही. हजार रुपयांच्या भागाला १२० रुपये, विषय संपला. लोह्यात, कंधारला किंवा अहमदपूरला सहकारी संस्थेचे सभासद असलेल्या प्रत्येकाला हा हिशेब पाठ आहे. पण हाच सभासद मोबाइलवर डीमॅट खाते उघडतो आणि ‘अमुक कंपनीचा २१०० टक्के लाभांश’ असा मेसेज वाचतो, तेव्हा हा पाठ असलेला हिशेब त्याला चुकीच्या वाटेने नेतो. कारण शेअर बाजारातला ‘टक्का’ वेगळ्या गोष्टीवर मोजलेला असतो.

निवृत्तीची रक्कम किंवा सोयाबीनचे हाती आलेले पैसे ‘लाभांश चांगला देते’ एवढ्याच आधारावर एखाद्या शेअरमध्ये टाकण्याआधी दोन गोष्टी वाचता आल्या पाहिजेत. एक म्हणजे यील्ड आणि दुसरी म्हणजे त्यामागचा इतिहास. महाराष्ट्रातल्या लोकांना माहीत असलेल्या काही कंपन्यांच्या आकड्यांवरून हे समजून घेऊ.

थोडक्यात काय?

• जाहीर होणारा लाभांशाचा टक्का शेअरच्या दर्शनी मूल्यावर असतो, बाजारभावावर नाही.
• यील्ड म्हणजे वर्षभराचा लाभांश भागिले आजचा भाव, गुणिले १००.
• यील्ड वाढण्याची कारणे दोन : लाभांश वाढला किंवा भाव पडला.
• लाभांश नफ्यातून येतोय का, हे इतिहास आणि पेआउट रेशो पाहिल्याशिवाय कळत नाही.

२१०० टक्के आले कुठून?

प्रत्येक शेअरला एक दर्शनी मूल्य असते. त्यालाच फेस व्हॅल्यू म्हणतात. ते १, २, ५ किंवा १० रुपये असे असते आणि बाजारात भाव कितीही वरखाली झाला तरी ते बदलत नाही. लाभांशाचा टक्का याच मूल्यावर काढला जातो.

पुण्याच्या आकुर्डीत मुख्यालय आणि वाळूजला मोठा कारखाना असलेल्या बजाज ऑटोने २०२४-२५ या वर्षासाठी प्रति शेअर २१० रुपये लाभांश दिला. शेअरचे दर्शनी मूल्य १० रुपये, म्हणून टक्केवारी झाली २१००. आता भाव साधारण ९,००० रुपये धरा. एक शेअर घ्यायला ९,००० मोजले आणि त्यावर २१० मिळाले. म्हणजे प्रत्यक्ष परतावा २.३३ टक्के. मेसेजमधला आकडा खोटा नाही, पण तो तुमच्या पैशांवरचा नाही.

दुसरे उदाहरण बँक ऑफ महाराष्ट्रचे. या बँकेने २०२४-२५ साठी १५ टक्के, म्हणजे १० रुपयांच्या शेअरवर दीड रुपया लाभांश दिला. पतसंस्थेच्या सवयीने पाहिले तर ‘१५ टक्के म्हणजे एफडीच्या दुप्पट’ असे वाटेल. पण भाव ५५ रुपये धरला तर यील्ड येते २.७ टक्के.

म्हणजे २१०० टक्के देणाऱ्या कंपनीपेक्षा १५ टक्के देणाऱ्या बँकेचे यील्ड थोडे जास्तच निघाले. जाहीर टक्क्यांवरून दोन शेअरची तुलना करू नये, ती यासाठी.

मग पतसंस्थेत हा गोंधळ का होत नाही? कारण तिथे भाग दर्शनी किमतीलाच घेतला जातो आणि साधारणपणे त्याच किमतीला परत केला जातो. दर्शनी मूल्य आणि खरेदीची किंमत एकच असल्याने लाभांशाचा टक्का हाच परतावा ठरतो. शिवाय महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ६७ नुसार संस्थेला सर्वसाधारणपणे १५ टक्क्यांपेक्षा जास्त लाभांश देता येत नाही. कंपन्यांच्या लाभांशाला अशी टक्क्यांची मर्यादा नाही.

यील्ड समजायला शेताचा ठोका पुरेसा आहे

समजा, एखाद्याने एक एकर रान एकरी १५ हजार रुपये ठोक्याने दिले आहे. ते रान त्याने वीस वर्षांपूर्वी एक लाखाला घेतले असेल, तर त्याच्या पैशांवर त्याला १५ टक्के सुटतात. आज तेच रान कोणी १५ लाखांना घेतले, तर ठोका तोच १५ हजार, पण नव्या मालकाला सुटतो एकच टक्का.

शेअरचेही तसेच. ज्याने जुन्या भावात घेतला, त्याचे त्याच्या खरेदीवरचे यील्ड वेगळे. आज घेणाऱ्याचे वेगळे. ‘आमच्या काकांना अमुक शेअरवर वर्षाला ११ टक्के लाभांश मिळतो’ हे वाक्य खरे असू शकते, पण आज तो शेअर घेणाऱ्याला ११ टक्के मिळणार नाहीत.

यातूनच दुसरा मुद्दा निघतो. यील्डच्या गणितात भाव खाली, म्हणजे छेदात असतो. लाभांश आहे तिथेच राहिला आणि भाव निम्मा झाला, तर यील्ड आपोआप दुप्पट दिसते. म्हणून ‘सर्वाधिक यील्ड देणारे १० शेअर’ अशा याद्यांमध्ये भाव पडलेल्या कंपन्या हमखास वर येतात.

ॲपवर दिसणारे यील्डही चुकू शकते

शेअरचे विभाजन झाले किंवा बोनस शेअर मिळाले, की जुना लाभांश आणि नवा भाव यांची सरळ तुलना करता येत नाही. पुण्याच्याच बजाज फायनान्सचे उदाहरण ताजे आहे. कंपनीने २०२४-२५ साठी १२ रुपये विशेष अंतरिम आणि ४४ रुपये अंतिम, असा एकूण ५६ रुपये लाभांश दिला. त्यानंतर जून २०२५ मध्ये २ रुपयांच्या शेअरचे १ रुपयाच्या दोन शेअरमध्ये विभाजन झाले आणि एका शेअरला चार बोनस शेअर मिळाले. एका शेअरचे दहा शेअर झाले आणि भाव ९०० रुपयांच्या घरात आला.

आता कोणी जुने ५६ रुपये नव्या ९३० रुपयांच्या भावाने भागले, तर यील्ड दिसेल ६ टक्के. खरे तर ५६ रुपये हे आजच्या दहा शेअरवरचे आहेत. एका शेअरच्या वाट्याला ५ रुपये ६० पैसे येतात आणि यील्ड भरते फक्त ०.६ टक्के. दहा पटींचा फरक. यील्ड अचानक फार मोठे दिसले, तर आधी विभाजन किंवा बोनस झाला आहे का, ते तपासावे.

इतिहास का पाहायचा?

माळेगावच्या यात्रेत जनावर घेणारा नुसती किंमत ऐकून दावे हातात घेत नाही. दात बघतो, चालवून बघतो, कुठल्या गावचे ते विचारतो. लाभांशाचा इतिहास पाहणे हे तसेच आहे. एका वर्षाचा आकडा म्हणजे नुसती सांगितलेली किंमत.

बजाज ऑटोचा प्रति शेअर लाभांश वर्षवार असा आहे :

२०१८-१९ : ६० रुपये
२०१९-२० : १२० रुपये
२०२०-२१ : १४० रुपये
२०२१-२२ : १४० रुपये
२०२२-२३ : १४० रुपये
२०२३-२४ : ८० रुपये
२०२४-२५ : २१० रुपये

२०२३-२४ मध्ये लाभांश १४० वरून ८० वर आला. नुसती यादी पाहणाऱ्याला वाटेल, कंपनी अडचणीत आली. पण त्याच वर्षी कंपनीने १० हजार रुपये भावाने ४० लाख शेअर परत विकत घेतले, म्हणजे बायबॅकमधून ४ हजार कोटी रुपये भागधारकांना दिले. पैसे वाटण्याची वाट बदलली होती. म्हणून आकडा कमी किंवा जास्त झाला, की त्या वर्षी बायबॅक होता का आणि लाभांशात ‘विशेष’ असा काही भाग होता का, हे पाहावे लागते. विशेष लाभांश हा एकदाचा असतो. तो धरून काढलेले यील्ड पुढच्या वर्षी मिळेलच असे नाही.

बँकांच्या बाबतीत शून्य लाभांशाचे कारण कधी कधी नियमात सापडते. बँक ऑफ महाराष्ट्रवर थकीत कर्जांमुळे जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने ‘तत्काळ सुधारणा कृती’ अर्थात पीसीएचे निर्बंध घातले होते. जानेवारी २०१९ मध्ये ते उठले. पीसीएमध्ये असलेल्या बँकेवर लाभांश वाटण्याबाबतही बंधने येतात. पुढे एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, रिझर्व्ह बँकेने सगळ्याच बँकांना २०१९-२० च्या नफ्यातून लाभांश न देण्यास सांगितले. त्यानंतर बँक ऑफ महाराष्ट्रने २०२१-२२ साठी ५० पैसे, २०२२-२३ साठी १ रुपया ३० पैसे, २०२३-२४ साठी १ रुपया ४० पैसे आणि २०२४-२५ साठी दीड रुपया दिला. २०२४-२५ चा लाभांश नफ्याच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतका आहे. यील्ड मोठे नाही, पण लाभांश नफ्याच्या आवाक्यातला आहे आणि दरवर्षी वाढलेला आहे.

एकीकडे २७ कमावून १२ दिले, दुसरीकडे २८ कमावून १०१

जास्त यील्ड नेहमीच सापळा असते का? नाही. सापळा ओळखायचा असेल, तर पेआउट रेशो पाहावा. कंपनीने कमावलेल्या नफ्यातला किती हिस्सा लाभांश म्हणून वाटला, हे त्यातून कळते. दोन कंपन्या शेजारी ठेवल्या, की फरक लगेच दिसतो.

पहिली कोल इंडिया. नागपुरात मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स हिचीच उपकंपनी. कोल इंडियाचा शेअर नोव्हेंबर २०१० मध्ये बाजारात आला, तेव्हा त्याची किंमत २४५ रुपये होती. त्यानंतरचा प्रति शेअर लाभांश, निवडक वर्षांचा :

२०१३-१४ : २९ रुपये
२०१५-१६ : २७ रुपये ४० पैसे
२०१७-१८ : १६ रुपये ५० पैसे
२०१९-२० : १२ रुपये
२०२१-२२ : १७ रुपये
२०२३-२४ : २५ रुपये ५० पैसे
२०२४-२५ : २६ रुपये ५० पैसे

जो २०१४ मध्ये २९ रुपये पाहून आत शिरला, त्याचा लाभांश पुढच्या सहा वर्षांत निम्म्याहून खाली आला. सरकारी कंपनी आहे, लाभांश हमखास वाढत राहील, हा समज या यादीत टिकत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये तर शेअर १२० रुपयांच्याही खाली गेला होता. १२ रुपयांच्या लाभांशावर यील्ड दिसत होते १० टक्के. भाव पडल्यामुळे दिसणारे यील्ड ते हेच.

पण त्या वेळी नफा पाहणाऱ्याला आणखी एक गोष्ट दिसली असती. २०१९-२० मध्ये कंपनीचा नफा सुमारे १६ हजार ७०० कोटी, म्हणजे प्रति शेअर सुमारे २७ रुपये होता. २७ कमावून १२ वाटले होते. पेआउट ४४ टक्के. भाव पडला असला, तरी लाभांश द्यायला कंपनीकडे जागा होती. पुढे तो वाढत गेला.

दुसरी वेदांता. या कंपनीने २०२२-२३ मध्ये पाच हप्त्यांत मिळून प्रति शेअर तब्बल १०१ रुपये ५० पैसे लाभांश दिला. मार्च २०२३ च्या अखेरीस भाव पावणेतीनशेच्या आसपास होता. म्हणजे यील्ड ३७ टक्क्यांच्या जवळपास. पण त्या वर्षी भागधारकांच्या वाट्याचा नफा सुमारे साडेदहा हजार कोटी, प्रति शेअर साधारण २८ रुपये होता आणि वाटलेली रक्कम सुमारे ३७ हजार ७०० कोटी. वर्षाच्या कमाईच्या साडेतीन पट. मूळ कंपनी वेदांता रिसोर्सेसवर मोठे कर्ज होते आणि प्रवर्तक म्हणून लाभांशाचा मोठा वाटा तिच्याकडे जात होता.

पुढच्या वर्षी, २०२३-२४ मध्ये लाभांश २९ रुपये ५० पैशांवर आला. ३७ टक्के पाहून पावणेतीनशेला शेअर घेणाऱ्याला प्रत्यक्षात पावणेअकरा टक्क्यांच्या आसपास मिळाले. मधल्या काळात, सप्टेंबर २०२३ मध्ये, भावही २२० च्या खाली जाऊन आला. पावणेअकरा टक्के कमी नाहीत. पण ज्याने ३७ टक्क्यांवर घरखर्चाचे गणित बसवले असेल, त्याचे गणित मोडले असणार.

रेकॉर्ड डेटच्या आदल्या दिवशी घेऊन फायदा होतो का?

लाभांश कोणाला द्यायचा, हे ठरवण्यासाठी कंपनी रेकॉर्ड डेट जाहीर करते. भारतात आता शेअरचा व्यवहार दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पूर्ण होतो. त्यामुळे शेअर रेकॉर्ड डेटच्या किमान एक कामकाजाचा दिवस आधी घ्यावा लागतो. बजाज ऑटोच्या २१० रुपयांसाठी रेकॉर्ड डेट २० जून २०२५, शुक्रवार होती. गुरुवारी १९ जूनपर्यंत घेणारा पात्र, शुक्रवारी घेणारा नाही.

मग आदल्या दिवशी घ्यावा, लाभांश पदरात पाडावा आणि विकून मोकळे व्हावे? तसे होत नाही. एक्स-डेटला भाव साधारणपणे लाभांशाइतका खाली उघडतो, कारण तेवढे पैसे कंपनीच्या तिजोरीतून जाणार असतात. बाजाराच्या इतर चढउतारांमुळे तो फरक नेमका दिसत नाही, एवढेच. वर लाभांशावर कर भरावा लागतो.

कर किती?

१ एप्रिल २०२० पूर्वी लाभांशावरचा कर कंपनीच भरत असे. आता लाभांश तुमच्या उत्पन्नात मिळवला जातो आणि तुमच्या स्लॅबनुसार कर लागतो. एका कंपनीकडून वर्षात १० हजार रुपयांपेक्षा जास्त लाभांश मिळाला, तर कंपनी १० टक्के टीडीएस कापून उरलेली रक्कम देते. ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पूर्वी ५ हजार होती.

उदाहरणार्थ, ९ हजारांच्या भावाने बजाज ऑटोचे ५५ शेअर, म्हणजे ४ लाख ९५ हजारांची गुंतवणूक. लाभांश ११ हजार ५५०. टीडीएस १ हजार १५५. खात्यात आले १० हजार ३९५. २०२५-२६ मध्ये ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर ८.२ टक्के आहे. तेवढ्याच रकमेवर तिथे वर्षाला सुमारे ४० हजार ६०० रुपये व्याज येते आणि मुद्दलही सुरक्षित राहते. शेअरमध्ये भाव वाढण्याची शक्यता असते, तशीच पडण्याचीही. ज्याला दर तिमाहीला ठरलेली रक्कम हवी आहे, त्याने लाभांशाला व्याज समजू नये. व्याज देणे बंधनकारक असते. लाभांश द्यायचा की नाही, हे दरवर्षी नव्याने ठरते.

पेटीतले जुने शेअर आणि न मिळालेला लाभांश

इतिहास पाहण्याचे आणखी एक कारण आहे. वडिलांच्या किंवा आजोबांच्या पेटीत जुनी शेअर सर्टिफिकेटे सापडली, तर त्यावरचा लाभांश गेला कुठे?

कंपनी कायदा, २०१३ नुसार लाभांश जाहीर झाल्यापासून ३० दिवसांत द्यावा लागतो. कोणी घेतला नाही, तर ती रक्कम वेगळ्या खात्यात जाते. तिथे सात वर्षे पडून राहिली, की ती गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे, म्हणजे आयईपीएफकडे वर्ग होते. सलग सात वर्षे लाभांश घेतला नसेल, तर शेअरसुद्धा या निधीकडे जातात. पण हक्क संपत नाही. मालक किंवा वारस आयईपीएफ-५ हा अर्ज ऑनलाइन भरून दोन्ही परत मागू शकतात.

ज्यांच्याकडे अजून कागदी शेअर आहेत, त्यांनी पॅन, बँक खाते, मोबाइल क्रमांक अशी माहिती कंपनीच्या रजिस्ट्रारकडे नोंदवलेली हवी. ती नसेल, तर १ एप्रिल २०२४ पासून लाभांश खात्यात जमा होत नाही, अडकून राहतो.

शेअर घेण्यापूर्वी या सहा गोष्टी पाहा

१. लाभांश रुपयांत किती? टक्केवारी बाजूला ठेवा.
२. आजच्या भावाने यील्ड स्वतः काढा.
३. किमान सात ते दहा वर्षांचा लाभांश लिहून काढा. बीएसई आणि एनएसईच्या संकेतस्थळांवर कंपनीच्या पानावर ‘कॉर्पोरेट ॲक्शन्स’ विभागात तो मिळतो.
४. विभाजन, बोनस, बायबॅक आणि विशेष लाभांश वेगळे काढा.
५. प्रति शेअर नफ्याशी तुलना करा. नफ्यापेक्षा जास्त वाटप दिसले, तर पैसा कुठून आला ते शोधा.
६. कंपनीचे लाभांश धोरण वाचा. बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार कंपन्यांना ते संकेतस्थळावर ठेवणे सेबीने बंधनकारक केले आहे. केंद्र सरकारच्या कंपन्यांसाठी नियम वेगळा आहे. नोव्हेंबर २०२४ च्या निर्देशांनुसार त्यांनी नफ्याच्या ३० टक्के किंवा नक्त मूल्याच्या ४ टक्के, यांपैकी जास्त असेल तेवढा लाभांश द्यायचा असतो. नफा घटला, तर ही रक्कमही घटू शकते.

हे सगळे करायला अर्धा तास लागतो. वहीच्या एका पानावर वर्ष, लाभांश आणि प्रति शेअर नफा असे तीन रकाने पाडले, तरी पुरे. दहा ओळी भरल्या, की कंपनी कमाईतून देते आहे की साठ्यातून, हे तिसऱ्या रकान्यावरून दिसू लागते.

(सूचना : हा लेख केवळ माहितीसाठी आहे. उदाहरणांतील भाव हिशेबाच्या सोयीसाठी अंदाजे धरले आहेत. यात कोणताही शेअर घेण्याचा किंवा विकण्याचा सल्ला नाही. गुंतवणुकीपूर्वी सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराशी बोलावे.)